भात खाणाऱ्या घरातील सीलिॲक: देवगडच्या एका वडिलांना उत्तर

देवगड तालुक्यातील एका वडिलांनी आपल्या 13 वर्षांच्या मुलीविषयी विचारले आहे. मुलीचे हिमोग्लोबिन तीन वर्षे 7 ते 8 च्या पुढे सरकत नव्हते. लोहाची औषधे झाली, जंतांच्या गोळ्या वेळोवेळी दिल्या, तरी वजन 29 किलोवर अडकून राहिले आणि पोट फुगलेलेच असे. शेवटी रक्ताच्या तपासणीत सीलिॲकची, म्हणजे गव्हातील ग्लूटेनमुळे लहान आतडे झिजवणाऱ्या आजाराची, प्रतिपिंडे मर्यादेच्या दहा पटींहून अधिक निघाली, आणि दुर्बिणीतून घेतलेल्या लहान आतड्याच्या तुकड्यांनी निदान पक्के केले. गहू बंद करून दोन महिने झाले आहेत, पण जुलाब अधूनमधून होतातच आणि दूध सोसत नाही. त्यांचे प्रश्न असे आहेत: आमचे घर भात खाणारे, मग हा आजार आला कुठून, पथ्य जन्मभराचे आहे का, की तब्येत सुधारल्यावर थोडा गहू सुरू करता येईल, आणि मुलीच्या आईला थायरॉइड आहे, धाकटा आठ वर्षांचा मुलगा अंगाने बारीक आहे, त्यांचे काय करावे.

मी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांत मिळून पंचवीस वर्षे फिजिशियन म्हणून काम करतो आहे. तुमचा पहिला प्रश्न मी पूर्वी स्वतःलाच विचारत असे, आणि त्याचे चुकीचे उत्तर देत असे. बऱ्याच वर्षांपूर्वी एक तरुण स्त्री माझ्याकडे येत होती. रक्त कमी, दोनदा गर्भपात झालेला, हातापायांत मुंग्या. मी तिला जवळपास तीन वर्षे लोह दिले, फॉलिक ॲसिड दिले, बी-12 ची इंजेक्शने दिली. सीलिॲकचा विचार माझ्या मनात एकदा आला होता, पण ‘या तर भात आणि मासे खाणाऱ्या, यांच्यात कुठला सीलिॲक’ असे म्हणून मी तो बाजूला सारला. पुढे पुण्यात तिचे निदान झाले तेव्हा मला कळले, की ती रोज सकाळी आणि संध्याकाळी चहाबरोबर दोन बटर किंवा टोस्ट खात असे. मी ‘जेवणात काय असते’ एवढेच विचारले होते. चहाबरोबर काय असते हे विचारले नव्हते. ती तीन वर्षे तिला परत मिळणार नाहीत, म्हणून आज प्रत्येक रुग्णाला मी सकाळच्या पहिल्या घोटापासून विचारतो.

कोकणातील घर भात खाते हे खरे, पण ते गहू खात नाही हे आता खरे राहिलेले नाही. रेशनवर तांदळाबरोबर गहू येतो. सायकलवरून किंवा गाडीवरून पाववाला दारात येतो. मुलांच्या डब्यात चपाती असते, कारण भाकरी थंड झाली की कडक होते. अंगणवाडीतून घरी येणाऱ्या पाकिटांत अनेकदा गहू असतो. गणपतीला आणि मे महिन्यात मुंबईहून येणारे चाकरमानी बिस्किटांचे पुडे घेऊन येतात. भारताच्या तीन भागांतील लोकांची तपासणी करून 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सीलिॲकचे प्रमाण उत्तरेत 1.23 टक्के, तर दक्षिणेत 0.10 टक्के आढळले. परंतु या आजाराला लागणारी जनुके दोन्हीकडे साधारण तिघांतील एकाकडे होतीच. फरक होता तो ताटातील गव्हाचा. याचा अर्थ असा, की भात खाणाऱ्या माणसाच्या शरीरात हा आजार होण्याची तयारी तेवढीच असते. गहू नियमित येऊ लागला की त्यातील काहींमध्ये तो प्रकट होतो.

ही तयारी म्हणजे काय ते समजून घेतले, की पुढचे पथ्य समजणे सोपे जाते. गहू, जव आणि राय या तीन धान्यांत ग्लूटेन नावाच्या प्रथिनांचा गट असतो. कणकेला जो चिवटपणा येतो, पोळी ताणली तरी फाटत नाही, तो त्याच्यामुळे. हे प्रथिन आपल्या पाचकरसांनी पूर्ण तुटत नाही. त्याचे काही तुकडे शिल्लक राहतात. निरोगी माणसात ते निघून जातात. डीक्यू-2 किंवा डीक्यू-8 या प्रकारची जनुके असलेल्या काही माणसांत मात्र आतड्यातील ट्रान्सग्लूटामिनेज नावाचे एन्झाइम या तुकड्यांत थोडा बदल करते, आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्यांना शत्रू समजून उठते. ती केवळ ग्लूटेनवर थांबत नाही, तर स्वतःच्या त्या एन्झाइमविरुद्धही प्रतिपिंडे तयार करते. तुमच्या मुलीच्या रक्तात मोजलेली टीटीजी प्रतिपिंडे ती हीच. या लढाईत लहान आतड्याच्या आतील बारीक बोटांसारखे उद्वर्ध झिजून सपाट होतात. अन्नातील सत्त्व शोषून घेण्याची जागाच कमी होते, आणि सर्वांत जास्त झीज आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, म्हणजे नेमकी लोह शोषले जाते तिथे होते. तीन वर्षे औषध घेऊनही रक्त का वाढले नाही, याचे कारण हे आहे. औषध कमी पडले नाही, मुलीने ते चोरून फेकले नाही, आणि तुमच्याकडून हयगय झाली असेही नाही.

लोक याला गव्हाची ॲलर्जी म्हणतात. बोलताना ते सोयीचे असले तरी मनात फरक ठेवावा. ॲलर्जीत खाल्ल्यावर थोड्याच वेळात अंगावर पित्त उठते, ओठ सुजतात, दम लागतो. सीलिॲकमध्ये तसे काहीच न होता आतडे आतून झिजत राहू शकते. म्हणून ‘काल लग्नात खाल्ले, काही त्रास झाला नाही’ हा पुरावा इथे चालत नाही.

निदानाविषयी तुम्ही शंका विचारलेली नाही, तरी दोन शब्द लिहितो, कारण आपल्या भागात आतड्याचे उद्वर्ध सपाट होण्याची इतरही कारणे आहेत. जिआर्डियासारखे परजीवी, उष्ण प्रदेशातील स्प्रू नावाचा विकार, आतड्याचा क्षय, यांतही बायोप्सीचे चित्र असेच दिसू शकते. नुसत्या बायोप्सीवर किंवा नुसत्या लक्षणांवर सीलिॲकचा शिक्का मारू नये तो यासाठी. तुमच्या मुलीत प्रतिपिंडेही फार वाढलेली आहेत आणि बायोप्सीही जुळते, त्यामुळे निदान भक्कम आहे. आणखी एक गोष्ट तुमच्या हातून फार चांगली झाली: तपासण्या पूर्ण होईपर्यंत तुम्ही तिचा गहू बंद केला नाही. कोणीतरी सांगितले म्हणून आधीच पोळी सोडतात आणि मग तपासणीला येतात, तेव्हा प्रतिपिंडे उतरलेली असतात, आतडे थोडे भरून आलेले असते, आणि धड हो म्हणता येत नाही, धड नाही म्हणता येत नाही. मग पुन्हा काही आठवडे गहू खायला घालावा लागतो, आणि ते रुग्णाला फार जड जाते.

आता पथ्य. ते जन्मभराचे आहे. या आजारावर आज दुसरा सिद्ध झालेला उपचार नाही, आणि तब्येत सुधारली म्हणजे आजार गेला असे होत नाही. ग्लूटेन मिळत नाही म्हणून प्रतिकारशक्ती शांत बसलेली असते, एवढेच. विल्लेम-कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी हेच प्रथम नीट दाखवून दिले. अशा मुलांना पावाने त्रास होतो असा त्यांना आधीपासून संशय होता. 1944-45 च्या हिवाळ्यात युद्धामुळे नेदरलँड्समध्ये पाव मिळेनासा झाला, इतर सारे उपासमारीने खंगत असताना ही मुले मात्र सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. 1950 साली त्यांनी आपल्या प्रबंधात हे मांडले. त्यापूर्वी या मुलांना कोणी केळ्यांवर ठेवत असे, कोणी स्निग्ध पदार्थ बंद करत असे, आणि पुष्कळ मुले दगावत असत.

तुमच्या घरी आजी म्हणतात, की वायच खाल्ल्यान तर काय होवचा नाय. त्यांच्या मायेविषयी शंका नाही, पण हिशेब त्यांच्यासमोर मांडा. एका चपातीला साधारण 30 ग्रॅम कणीक लागते. तीत अडीच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे 2500 मिलिग्रॅम ग्लूटेन असते. सीलिॲकच्या रुग्णाला दिवसभरात चुकून मिळणारे ग्लूटेन 10 मिलिग्रॅमच्या आत असले तर बहुतेकांचे आतडे सांभाळले जाते. रोज 50 मिलिग्रॅम तीन महिने दिले तर आतड्याची झीज दिसू लागते, हे रुग्णांवरच्या चाचणीत पाहिले गेले आहे. म्हणजे एका चपातीचे अडीचशे तुकडे केले तर त्यांतील एक तुकडा ही दिवसाची मर्यादा, आणि पन्नास तुकडे केले तर त्यांतील रोजचा एक तुकडा हे नुकसान. ‘थोडेसे’ या शब्दाचा अर्थ आपल्या जिभेला जो वाटतो तो आतड्याला वाटत नाही.

दोन महिने गहू बंद असूनही जुलाब का होतात, याची दोन कारणे संभवतात. पहिले साधे आहे: आतडे भरून यायला वेळ लागतो. प्रतिपिंडे सहा महिन्यांत स्पष्ट उतरू लागतात, पूर्ण उतरायला कधी वर्ष, कधी दोन वर्षे लागतात. मुलांचे आतडे मोठ्यांपेक्षा लवकर भरते. दूध पचवणारे लॅक्टेज हे एन्झाइम उद्वर्धांच्या टोकांवरच तयार होते, त्यामुळे टोके झिजलेली असेपर्यंत दूध सोसत नाही. हे बहुतेक वेळा तात्पुरते असते. काही महिने दुधाऐवजी दही-ताक थोडे थोडे देऊन पाहावे, आणि नंतर दूध हळूहळू परत आणावे. दूध कायमचे तोडू नये.

दुसरे कारण मला अधिक संभवनीय वाटते, ते म्हणजे गहू बंद झाल्याचे घराला वाटते, पण तो बंद झालेला नसतो. पुष्कळ घरांत गहू म्हणजे पोळी एवढेच डोक्यात असते. रवा, मैदा, शेवया, दलिया, लापशी, कुरडया, पाव, खारी, टोस्ट, नानकटाई हे सगळे गहूच आहे, असे मी सांगतो तेव्हा आया चकित होतात. ‘उपमा तर रव्याचा असतो’ असे मला एकीने अगदी मनापासून सांगितले होते. आपल्याकडे याचा सर्वांत मोठा फटका माशांतून बसतो. सुरमई, पापलेट, बांगडा तळताना रव्यात घोळवतात. एका तुकडीला दहा ग्रॅम रवा लागला तरी वर सांगितलेल्या मर्यादेच्या शंभर दिवसांचे ग्लूटेन त्या एका तुकडीवर असते. घरी रव्याऐवजी तांदळाचे पीठ किंवा तांदळाची बारीक कणी वापरा. कुरकुरीतपणा तसाच येतो. परंतु खानावळीत ‘आमच्याकडे तांदळाचे पीठ लावतात’ असे सांगितले तरी तवा आणि तेल तेच असते, म्हणून बाहेर तळलेला मासा नकोच. आमटी, तिकले, कालवण यांत पीठ लावलेले नसले आणि मसाला माहितीचा असला तर ते चालते.

गुहागरकडील एका घराची हकीकत सांगतो, कारण त्या घराने मला पुस्तकांपेक्षा जास्त शिकवले. नऊ वर्षांची मुलगी, पथ्य कडक, पण प्रतिपिंडे पहिले सहा महिने उतरून मग तिथेच थांबली. आईने घरातून पीठ, मैदा, रवा, सगळे बाहेर काढले होते आणि मी ‘कुठेतरी गहू जातो आहे’ म्हणालो की तिच्या डोळ्यांत पाणी येई. शेवटी एका रविवारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलो. तिने कुळथाची पिठी करायला घेतली. फोडणीत मोहरी, लसूण, मिरची, मग डबीतून चिमूटभर हिंग. मी डबी मागून घेतली आणि चष्मा काढून मागचे बारीक अक्षर वाचले. घटकांत गव्हाचे पीठ होते. बाजारात मिळणारे बहुतेक हिंग शुद्ध नसते. ते मैद्यात, गव्हाच्या किंवा तांदळाच्या पिठात आणि डिंकात बांधलेले असते. एका चिमटीत दिवसाची मर्यादा संपू शकते, आणि त्या घरात दोन्ही वेळा फोडणी होती. ती बाई ओट्याला टेकून तशीच उभी राहिली आणि म्हणाली, ‘सगळं बघितलं हो, एवढीच डबी राहिली.’

दुपारी तिच्या नवऱ्याबरोबर मी गिरणीवर गेलो. भाकरीसाठीचे तांदूळ, नाचणी, सगळे तिथेच दळले जात होते. गिरणीवाल्याने पट्टा थांबवला आणि जिथून पीठ पडते ती कापडी नळी हाताने झटकली. डब्यात जवळजवळ ओंजळभर पीठ पडले. ‘हे सकाळच्या गव्हाचं,’ त्याने स्वतःच सांगितले. त्या मुलीचे तांदूळ दर वेळी या पिठावरूनच बाहेर येत होते. त्या दिवसापासून त्या घराने गव्हाच्या पिठात न बांधलेला, डबीवर तांदळाचे पीठ लिहिलेला हिंग आणला, माळ्यावरचे जाते खाली उतरवले, घासून धुतले, पहिले दोन घास दळून फेकून दिले, आणि तांदूळ-नाचणी घरी दळायला सुरुवात केली. पुढच्या आठ महिन्यांत प्रतिपिंडे मर्यादेत आली.

म्हणून तुमच्याही घरी पहिली चौकशी हिंगाची आणि दळणाची करा. ‘सकाळी पहिले दळण आमचे घ्या’ ही विनंती पुरेशी नाही, कारण रात्रीचे पीठ आत असतेच. घरगुती चक्की घेणे परवडत असेल तर तिच्यात गहू कधीच दळू नका. परवडत नसेल तर जाते, किंवा तांदूळ धुऊन सावलीत सुकवून मिक्सरवर काढलेले पीठ. घावन, आंबोळी तर भिजवून वाटूनच होतात, त्यांना गिरणीची गरजच पडत नाही, हे आपले भाग्य. उपवासाचे म्हणून निर्धास्तपणे आणलेले राजगिऱ्याचे किंवा शिंगाड्याचे पीठही गव्हाच्या चक्कीवर दळलेले असू शकते. कोंबडीवड्यांच्या पिठात आणि थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरे थोडा गहू घालतात. मेतकुटात गहू असतो. सातूच्या पिठात गहू किंवा जव असतात. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी जवापासून किंवा गव्हापासून होतात. चायनीज गाड्यावरच्या सोया सॉसमध्ये गहू असू शकतो, आइस्क्रीमचा कोन मैद्याचा असतो. मालवणी मसाला घरी भाजलेला असला तर प्रश्न नाही, पण तो डंकावर किंवा गिरणीवर कुटून आणत असाल तर तिथेही हीच विचारपूस करा. पाकिटावर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहिले असेल तर नियमाप्रमाणे त्यात किलोमागे 20 मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन असता कामा नये. ते विकत घेण्यासारखे असले तरी महाग असते, आणि आपल्या घराला त्याची फारशी गरज नाही.

गरज का नाही, ते सांगताना मला आनंद होतो. पंजाबातल्या घरात सीलिॲक निघाला की सगळी चूल बदलावी लागते. आपल्याकडे उकड्या तांदळाची पेज, भात, तांदळाची आणि नाचणीची भाकरी, घावन, खापरोळी, शिरवाळे आणि नारळाचा रस, पातोळ्या, उकडीचे मोदक, कुळीथ, चवळी, वाल, मुगागाठी, फणसाची भाजी, सोलकढी, हे सगळे मुळातच ग्लूटेनविरहित आहे. त्यातही निवड करायला हवी. नुसत्या पांढऱ्या भातावर ठेवले तर वजन वाढेल, पण शौचास कडक होईल आणि लोह-कॅल्शियम कमीच राहील. नाचणीच्या 100 ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, म्हणून दूध सोसत नाही तोवर नाचणीची भाकरी आणि आंबील रोज असावी. कुळथातून प्रथिने आणि लोह मिळते. तारली, बांगडा, काट्यासकट खाता येणाऱ्या मांदेली, सुका जवळा हे मुलीला आवडत असेल तर आठवड्यातून चार दिवस द्या. माशाबरोबर किंवा उसळीबरोबर लिंबू, आवळा, पेरू असले की लोह अधिक शोषले जाते. जेवणाला लागून चहा असला की कमी. पहिल्या वर्षात लोह, फॉलिक ॲसिड, व्हिटॅमिन डी आणि बी-12 ची औषधे डॉक्टर सांगतील तशी चालू ठेवा. आतडे भरेपर्यंत तोंडाने घेतलेले लोह पुरेसे लागू पडत नसेल तर ते शिरेतून देता येते, त्याला घाबरू नये.

भांड्यांबाबत: लाकडी पोळपाट-लाटणे, लाकडी उलथणे आणि खाच पडलेला तवा यांत पीठ राहते, म्हणून तिची वेगळी ठेवा. बिडाचा तवा तिच्या घावनांसाठीच राखून ठेवा. स्टीलची भांडी नीट घासली की पुरे. पुऱ्या तळलेल्या तेलात तिचे काही तळू नका. घरातील सर्वांनीच घरी गहू बंद करणे हा सर्वांत सोपा मार्ग ठरतो असा माझा अनुभव आहे. तुमच्या घरी सवय मोडायला फारसे काही नाही.

आता संबंधित आजारांकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नातील थायरॉइडचा उल्लेख महत्त्वाचा आहे. सीलिॲक ज्या घरात असतो तिथे प्रतिकारशक्ती उलटल्यामुळे होणारे इतर आजारही आढळतात. थायरॉइडची ग्रंथी मंद होणे आणि लहान वयातील इन्सुलिनवर अवलंबून असणारा मधुमेह, म्हणजे टाइप-1, हे त्यांतील दोन प्रमुख. टाइप-1 असलेल्या मुलांत साखर अकारण खाली जाऊ लागली तर सीलिॲक तपासावा, कारण अन्न नीट शोषले जात नसते. थायरॉइडची गोळीही याच आतड्यातून शोषली जाते. एखाद्याला तिचा डोस वाढवत न्यावा लागत असेल आणि तरी टीएसएच (थायरॉइड कमी पडला की रक्तात वाढणारे संप्रेरक) उतरत नसेल, तर दोष गोळीचा नसून आतड्याचा असू शकतो. आणि पथ्य सुरू झाल्यावर तोच डोस जास्तही होऊ शकतो, म्हणून तेव्हा टीएसएच पुन्हा तपासावे.

हाडे पातळ होणे मोठ्या रुग्णांत फार आढळते, आणि कधी किरकोळ पडण्याने मनगट मोडते तेव्हाच ते लक्षात येते. मुलांत उंची खुंटते, पाळी उशिरा येते, कायमच्या दातांवर डाग आणि खाचा दिसतात. स्त्रियांत वारंवार गर्भपात किंवा मूल न राहणे, काहींमध्ये यकृताच्या तपासण्या थोड्या वाढलेल्या, काहींमध्ये पायांची बधिरता किंवा चालताना तोल जाणे, एवढेच लक्षण असते आणि पोटाची तक्रार काहीच नसते. त्वचेचा एक प्रकार आपल्या दमट हवेत हमखास चुकतो: कोपरांवर, गुडघ्यांवर आणि ढुंगणावर दोन्ही बाजूंना सारखी, असह्य खाज असणारी बारीक फोडे येतात. घामोळे, खरूज किंवा नायटा समजून मलमे लावली जातात आणि ती बरी होत नाहीत. हा डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस, म्हणजे त्वचेतून दिसणारा सीलिॲक. त्यावर डॅप्सोन हे औषध लागू पडते, पण ते देण्यापूर्वी तांबड्या पेशींतील जी-6-पीडी या एन्झाइमची तपासणी करावीच लागते, आणि मूळ उपाय पथ्याचाच.

तुमच्या मुलीची सहाव्या महिन्यात आणि वर्षाने टीटीजी तपासा, त्यानंतर दरवर्षी. त्याबरोबर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा), व्हिटॅमिन डी, यकृताची तपासणी आणि टीएसएच. उंची आणि वजन दर तीन महिन्यांनी घरीच एका वहीत लिहून ठेवा. या वयात उंचीची रेघ वर चढू लागली की पथ्य लागू पडत असल्याचा तो चांगला पुरावा असतो. कावीळ-बी ची लस सीलिॲकच्या मुलांत कधी कमी लागू पडते, म्हणून तिच्यामुळे तयार झालेल्या प्रतिपिंडांची पातळी एकदा पाहून गरज असल्यास डोस पुन्हा द्यावा. न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकस या जंतूच्या लसीविषयीही डॉक्टरांना विचारा, कारण या आजारात प्लीहेचे काम काहींत मंदावते. वर्षभर पथ्य पाळूनही प्रतिपिंडे उतरली नाहीत तर आधी गहू कुठून जातो ते शोधावे, दुसऱ्या दुर्मीळ शंका नंतर.

पथ्याचा खरा कस स्वयंपाकघराबाहेर लागतो. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा नाकारणे आपल्याकडे कोणालाच सोपे जात नाही. मी रुग्णांना सांगतो, की यजमानांना आदल्या दिवशी फोन करा आणि मुलीच्या हातावर पंचामृत किंवा खोबरे-साखर ठेवा म्हणून सांगा. आजवर कोणी रागावल्याचे मी पाहिलेले नाही. चर्चमध्ये जाणाऱ्या एका कुटुंबाने हाच प्रश्न विचारला होता, कारण कम्युनियनमध्ये प्रसादासारखी दिली जाणारी पातळ चकती, होस्तिया, हीही गव्हाची असते. त्यांनी फादरांशी बोलून नुसत्या प्याल्यातून कम्युनियन घेण्याची सोय करून घेतली. शाळेतील बाईंना लेखी कळवा. लग्नाच्या वयात हे लपवावे का, असे मला मुलींच्या आया हळू आवाजात विचारतात. लपवू नये. लपवलेले पथ्य सासरी पाळता येत नाही, आणि पथ्य पाळणारी मुलगी इतर कोणत्याही मुलीसारखी धडधाकट असते, तिला मुले होतात.

13 वर्षांच्या मुलीला हे सगळे तुम्ही सांगून चालणार नाही, तिला स्वतःला कळले पाहिजे. मैत्रिणींबरोबर पाणीपुरी खाल्ली तर ती तुमच्यापासून लपवील अशी वेळ आणू नका. खाल्ले तर ओरडू नका, फक्त कधी खाल्ले ते वहीत लिहायला सांगा. पाकिटावरचे घटक वाचायचे काम तिच्याकडेच द्या. महिन्याभरात ती तुमच्यापेक्षा चलाख होते.

राहिला प्रश्न आई आणि धाकट्या मुलाचा. रुग्णाचे आई, वडील, भावंडे यांच्यात साधारण दहा-बारा जणांमागे एकाला हा आजार निघतो, लक्षणे असोत वा नसोत. त्यामुळे तुम्हा तिघांचीही तपासणी करावी, आणि अंगाने बारीक असलेल्या मुलाची तर आधी. टीटीजी-आयजीए आणि त्याबरोबर एकूण आयजीए (ज्या प्रकारची ही प्रतिपिंडे असतात तो प्रकार), दोन्ही लिहून घ्या. ज्यांच्या शरीरात मुळातच आयजीए कमी असते त्यांची टीटीजी खोटीच चांगली येते. तपासणी आज ठीक आली तरी मुलाची काही वर्षांनी पुन्हा करावी, कारण हा आजार कोणत्याही वयात सुरू होऊ शकतो. उपाशी येण्याची गरज नाही. येताना घरातील हिंगाची डबी आणि मसाल्यांची रिकामी पाकिटे पिशवीत घालून आणा, आणि तुम्हा तिघांच्या तपासण्या पूर्ण होईपर्यंत मुलीच्या नजरेआड तुमचा चहाबरोबरचा पाव चालू राहू द्या.